करंट, तेल आणि हवा

आमची जुनी गाडी सुरू झाली नाही त्या सकाळी मी बाबांवर संशय घेतला, तोही त्यांच्या तोंडासमोर उभी राहून. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत होतं म्हणूनच माझी हिंमत झाली. ही गोष्ट मी नंतर शाळेत स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितली आहे, पण दरवेळी एवढा भाग गाळून.

बाबा जंगल खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं भामरागडच्या बाजूला गेली. तिकडे पावसाळ्यात नदी चढली की रस्ता तुटतो. जीप एका काठावर, साहेब दुसऱ्या काठावर, आणि मेकॅनिक दोन्ही काठांवर नाही. अशा ठिकाणी गाडी अडली तर ड्रायव्हरनेच तिचा डॉक्टर व्हायचं. त्यातून बाबांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. मी कॉलेजात असताना त्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा ती पद्धत आधी शिकवली, क्लच-ब्रेक नंतर.

"हे पाह्य बाई," ते म्हणायचे, "आधी करंट, मंग तेल, मंग हवा. तिघांतलं एक नसलं का गाडी नाई चालत. चौथं काई नसते."

आणि हे तिन्ही ते कानाने तपासायचे. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, उजवा कान इंजिनाकडे झुकवायचा आणि चावीवर बसलेल्याला म्हणायचं, "मार." सेल्फ रडत असेल, म्हणजे स्टार्टर ओढत ओढत फिरत असेल, तर बॅटरी. सेल्फ हसत असेल आणि गाडी पकडत नसेल तर करंट आहे, पुढे पाहायचं. चावी लावल्यावर मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोन क्षण गुणगुणतो का, तेही ते बॉनेटपाशी उभे राहून ऐकायचे. निवृत्त होऊन आरमोरीला घरी आले तेव्हा आजूबाजूचे लोक आपापल्या मोटरी, ट्रॅक्टर, थ्रेशर घेऊन यायचे. "भाऊ, जरा आयकून पाहा न गा." बाबा हात मागे बांधून ऐकायचे आणि एका वाक्यात निकाल द्यायचे. त्या वाक्याचा त्यांना फार अभिमान होता. आम्हालाही होता.

तेच कान गेले.

एका धानवाल्याचा पंप त्यांनी ऐकला, "बेरिंग ठीक हाये" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बेरिंग जाम होऊन पंप जळला. त्यानंतर ते लोकांना सांगू लागले, "तुमच्या नव्या मशिनी मले नाई समजत आता." मग एकदा रस्त्यावर मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला आणि बाबा मधोमध आपल्या तालात गाडी चालवत राहिले. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, शेजारच्या काकांनी आईला सांगितलं. पण त्या दिवशी बाबांनी गाडीची चावी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि परत काढली नाही. त्यांना कोणी काही म्हणालं नव्हतं. मला आजही वाटतं, कोणी म्हणालं असतं तर त्यांना कमी लागलं असतं.

मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. दर दोन-तीन आठवड्यांनी आरमोरीला जाते. पन्नास पोरांना गप्प करणारा माझा आवाज बाबांपुढे थिटा पडायला लागला. मी काही सांगायचे, ते भलतंच उत्तर द्यायचे, मी परत ओरडून सांगायचे, ते "हाव हाव" म्हणायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की काही पोचलेलं नाही. माझा स्वभाव तसाही तापट. तिसऱ्यांदा मी म्हणायचे, "जाऊ द्या बाबा, काही नाही." दीड वर्षात हे 'काही नाही' मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. त्याहून वाईट सवय आम्हा मायलेकींना लागली होती. बाबा समोर बसलेले असायचे आणि आम्ही त्यांच्याबद्दल बोलायचो. जेवले का, औषध घेतलं का, असे का करतात. जणू ते दुसऱ्या गावाला गेले आहेत.

ब्रह्मपुरीला नागपूरहून कानाचे एक डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात. वर्षभर मी बाबांच्या मागे लागले होते. "वयानं होते थे. कसाले पाह्यजे मशीन?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी दिवाळीत ते तयार झाले, पण एका अटीवर. बसने येणार नाही, भाड्याच्या गाडीनेही नाही. आपल्या गाडीने, आणि गाडी मी चालवायची.

"बसमंधी तू सगळ्याईसमोर वरडून बोलशीन," ते म्हणाले. "लोकं पाह्यतेत मंग."

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली. बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. एकदा हो म्हणालेला माणूस, पण त्या दिवशी निघणं झालं नाही तर तो हो तिथेच संपला. पुन्हा वर्षभर विषय काढता येणार नव्हता. आणि वर्षभराने ते आमच्यापासून आणखी किती लांब गेलेले असतील, या विचाराने मला भीती वाटायची.

शनिवारी बाबा पहाटेच तयार झाले. इस्त्रीचा पांढरा सदरा, स्वेटर, नोकरीतले काळे बूट. मी गाडीत बसले, चावी फिरवली. सेल्फ छान फिरला. गाडीने पकडलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. ही गाडी बाबांनी निवृत्तीनंतर जुनीच घेतलेली, आता वीसेक वर्षांची म्हातारी. दीड महिन्यापूर्वी मी बाजारापर्यंत नेली होती तेव्हा ठणठणीत होती. त्यानंतर शेडमध्ये उभी.

बाबा पुढे आले. बॉनेट उघडलं, डोळे मिटले, कान झुकवला.

"मार."

मी मारला. सेल्फ अगदी खळखळून हसत होता. शेजारच्या काकांनाही त्यांच्या अंगणात कळलं असेल की बॅटरी उत्तम आहे. बाबांनी थोडं थांबून डोळे उघडले.

"बॅटरी उतरली," ते म्हणाले.

खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मी रोज वर्गात पाहते. हा तो चेहरा नव्हता. ते आठवणीतून सांगत होते. थंडीत दीड महिना उभी गाडी, तेव्हा बॅटरी, असा हिशेब. कानात काहीच आलं नव्हतं. मी दिवे लावून दाखवले, हॉर्न दाबला. दिवे झगझगीत लागले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि एक पाऊल मागे सरकले. ते एक पाऊल मला पाहवलं नाही.

हॉर्न ऐकून शेजारचे काका आणि रस्त्यावरचे आणखी दोघे आले. आमच्याकडे गाडी बंद पडली की मतांना तोटा नसतो. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी, दुसरा म्हणाला प्लग. काका म्हणाले, "धक्का मारू न! होऊन जाईन!" तिघांनी मिळून गाडी शेडमधून काढली आणि कोपऱ्यावरच्या चिंचेच्या झाडापर्यंत ढकलत नेली, परत आणली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडत होते, गाडी दरवेळी हिसका देऊन गप्प. काकांचा मफलर सुटला, दम लागला, आणि बाबा फाटकापाशी उभे राहून हे सगळं पाहत होते. कोणी त्यांना विचारलं नाही. एके काळी हेच लोक त्यांच्याकडे ऐकवायला येत होते.

साडेनऊ झाले. बस स्टँडजवळच्या मेकॅनिकला फोन लावला तर तो म्हणाला, "म्याडम, दुपारून येतो. आधी सांगा, आवाज कसा येऊन राह्यला?" मी फोन इंजिनाजवळ धरला आणि सेल्फ मारला. बाबांनी ते पाहिलं. आपल्या गाडीचा आवाज मी दुसऱ्या कोणाला ऐकवते आहे हे त्यांना समजायला कानांची गरज नव्हती.

माणसं गेली. आई ओसरीच्या पायरीवर उभी होती, पदराला हात पुसत, आणि का कोण जाणे सकाळपासून फार गप्प होती. मी घामाघूम आणि संतापलेली. बाबा गाडीपाशी, आमच्यापासून चार हातांवर. मी आवाज न चढवता, ओठसुद्धा फारसे न हलवता आईला म्हणाले, "यांनीच काहीतरी काढून ठेवलं असेल. जायचं नाही ना यांना."

उत्तर दिलं ते बाबांनी.

"मी नाई काढलं काई."

त्यांचा आवाज शांत होता. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. दीड वर्ष मी समजत होते की ऐकू येत नाही म्हणजे कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. आमची तोंडं, आमच्या भुवया, 'जाऊ द्या' म्हणताना माझा झटकलेला हात, सगळं ते वाचत होते आणि वर "हाव हाव" म्हणत होते. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी "बाबा" एवढंच म्हणाले. तेवढ्यात ते वळून बॉनेटकडे गेलेही होते.

मला वाटलं, आता ते बॉनेट बंद करणार आणि घरात जाणार. त्यांनी तसं केलं नाही. ते वाकले. या वेळी कान झुकवला नाही. दोन्ही हात कडेला टेकवून त्यांनी नाक पुढे केलं, थांबले, आणि परत हुंगलं.

"मोह," ते म्हणाले.

मला समजेना.

"मोहाचा वास येऊन राह्यला."

आमच्या भागात मोहाचा वास कोणाला नवा नाही. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलं पडतात तेव्हा गाव त्या गोड वासाने भरून जातं. पण ते चैत्रात. बाहेर पौषाची थंडी, झाडांना अजून कळ्यासुद्धा नाहीत.

"घरातून येत असेल," मी जवळ जाऊन हाताच्या खुणेने घर दाखवलं.

"वारं तिकडून नाई, इकडून हाये. इंजनातून येते वास." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि परीक्षकाच्या थाटात विचारलं, "करंट?"

मी मान डोलावली. आहे.

"तेल? पंप वाजते का?"

मी आत जाऊन चावी लावली, मागच्या सीटकडे कान दिला. पंप दोन क्षण गुणगुणला. मी बाहेर येऊन अंगठा दाखवला.

"मंग राह्यलं काय?"

"हवा," मी म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांवरून तो शब्द उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला.

इंजिनावर हवेच्या फिल्टरचा काळा डबा असतो. बाबांनी त्याच्या चारही क्लिपा अंगठ्याने खटाखट उघडल्या आणि झाकण उचललं. डबा काठोकाठ भरलेला होता. वाळलेली, तांबूस, चिकट मोहाची फुलं, मध्ये गवत आणि कापसाचे पुंजके, आणि हवा आत येते त्या नळीत तर फुलं कोंबून कोंबून भरलेली. फिल्टरचा एक कोपरा कुरतडलेला. उंदरांनी पावसाळ्यापर्यंतची बेगमी केली होती. इंजिनाला श्वास घ्यायला सुतभर जागा नव्हती.

आम्ही दोघांनी एकदमच पायरीकडे पाहिलं.

आईने पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. नोव्हेंबरअखेर धान घरात आलं, कोठी भरली, ओसरीत पोत्यांची थप्पी लागली. आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या दोन झाडांचा मोह आई दर वर्षी वेचून वाळवून ठेवते, त्याचं पोतं ठेवायला जागा नव्हती. घरात उंदीर. तिला वाटलं, चारी बाजूंनी बंद होते अशी घरात एकच वस्तू आहे. तिने पोतं गाडीच्या डिक्कीत ठेवलं. "गाडी म्हंजे कोठी नोहे" हे बाबांचं वाक्य तिने शंभरदा ऐकलं होतं, म्हणून गुपचूप ठेवलं. आदल्या संध्याकाळी मी झोळी आवरत असताना तिने ते तसंच गुपचूप काढून डिक्की झाडून पुसून ठेवली होती.

"पोत्याले भोक दिसलं होतं मले," ती म्हणाली. "पन थे इतकं लांब नेतीन, मले का माईत बाप्पा!"

हे बाबांना मी ओरडून सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आईचा चेहरा पाहून त्यांना सगळी कथा समजली होती. ते डब्यातली मूठभर फुलं घेऊन तिच्याजवळ गेले आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"दारूबंदीच्या जिल्ह्यात आपली गाडी पिऊन पडली," ते म्हणाले. "वाटेत पोलिसानं धरलं तर तुलेच पाठवतो समोर."

आई हसता हसता रडायला लागली. मीही.

मग बाबा कामाला लागले. डबा, नळी बोटाने कोरून कोरून साफ केली. फिल्टर पायरीवर आपटून झाडला, कुरतडलेला कोपरा दाबून बसवला, "ब्रह्मपुरीले नवा घेऊ" म्हणाले. क्लिपा लावल्या. इतका वेळ सेल्फ मारून मारून आत पेट्रोल साचलं असणार, म्हणून मला सांगितलं, "ॲक्सिलरेटर पुरा दाबून धरजो, आनि मी म्हनीन तोवर सोडू नको." पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, जुन्या सवयीने कान झुकवला.

"मार."

सेल्फ फिरला, फिरला, इंजिन एकदा खोकलं, आणि गाडी पकडली. मागून काळ्या धुराचा लोट निघाला. मी पाय हळूहळू वर घेतला. इंजिन थरथरत, मग संथपणे चालू लागलं. आई पायरीवरून टाळ्या वाजवत होती.

"मार," बाबा म्हणाले.

उघड्या बॉनेटआडून मला त्यांचा एक हात दिसत होता, हवेत फिरणारा. "मार न. मार बाई."

गाडी सुरू होती आणि ते तिच्यावर ओणवे होऊन, डोळे मिटून, ती सुरू होण्याची वाट बघत होते.

मी उतरले. त्यांच्याजवळ गेले. ओरडले नाही. त्यांचा तळहात धरला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले. तळहाताखालची थरथर त्यांना कळली. ते बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले.

"चाल," ते म्हणाले. "उशीर होते."

त्यांनी सदरा बदलला नाही. आम्ही वैनगंगेचा पूल ओलांडून पावणेबाराला पोचलो, डॉक्टरांनी कुरकुर न करता घेतलं. काचेच्या खोलीत तपासणी झाली. मग वापरून पाहायला म्हणून त्यांनी बाबांच्या दोन्ही कानांमागे छोटी मशिनं बसवली आणि विचारलं, "भाऊ, कसं वाटतं?" बाबा दचकून छताकडे पाहू लागले. छताला पंखा फिरत होता. "याच्यात तेल टाका डॉक्टरसायेब," ते म्हणाले. डॉक्टर हसले, आणि मला तर त्यांच्या त्या पंख्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मशीन लावूनच आम्ही परत निघालो. वाटेत फिल्टरसाठी थांबलो आणि बाबांनी स्वतःच्या हाताने नवा फिल्टर बसवला. मी चावी फिरवली. गाडी एका फटक्यात लागली. बाबा माझ्या शेजारच्या सीटवर ताठ बसले.

"बंद कर," ते म्हणाले. "आता मार."

मी मारली.

"पट्टा चिरकून राह्यला. डायनामोचा. कवापासून वाजते हे?"

"दीड वर्ष झालं बाबा."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं."

मी ते साध्या आवाजात म्हणाले. खूप दिवसांनी त्यांच्याशी साध्या आवाजात बोलले होते, आणि ते पोचलं. आम्ही गावाबाहेर आलो, धानाची कापलेली शेतं लागली.

"आनखी काय काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगायला लागले. शाळेत मला वरचा वर्ग मिळाला ते. माझ्या लेकीला पोहायला येतं ते. मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरला आमच्या दारातली बोर वठली ते, आणि शेजारच्या काकूंना नात झाली ते. प्रत्येक गोष्ट मी कधीतरी तीनदा ओरडून शेवटी 'काही नाही' म्हणून सोडून दिलेली. ते प्रत्येकाला "असं का?" म्हणत होते, नवीन बातमी ऐकावी तसे. पूल जवळ आला तेव्हा सगळं सांगून संपलं आणि एकच राहिलं.

"बाबा, सकाळी मी आईला जे म्हणाले..."

"थे आयकू आलतं मले," ते म्हणाले, आणि माझ्या गिअरवरच्या हातावर त्यांनी आपला तेलकट हात ठेवला. "चौथा टाक आता. इंजन वरडून राह्यलं."